बिंदरची चरबी

सतविंदर कौरला पंजाबातल्या बटाल्यात सतविंदर म्हणणारी मी एकटीच. शाळेतल्या मुली मॅडम म्हणायच्या, आई बिंदर म्हणायची, आणि धाकटा भाऊ हरबख्श तिला ‘ढोल’ म्हणायचा. काम असलं की भैणजी, एरवी ढोल. सकाळी ती शाळेला निघाली की तो दुकानाच्या पायरीवर बसून तोंडानंच भांगड्याचा ठेका धरायचा, आणि दुकानातली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसायची. ती ओढणी सारखी करायची आणि चालू लागायची.

मुलींच्या सरकारी शाळेत ती पंजाबी शिकवायची आणि मी खेळ. शेहेचाळीस वर्षांची झाली होती, लग्न झालं नव्हतं. एक स्थळ पक्कं होत आलं होतं. मुलाकडची माणसं चहा प्यायला बसलेली असताना हरबख्शच म्हणाला होता, “आमच्या बहिणीला नेणार तर खाट लोखंडाची घ्या हं.” सगळे हसले. पाहुणेही हसले, आणि घरी जाऊन त्यांनी नकार कळवला. बीजी, म्हणजे तिची आई, त्या दिवशी मुलाला एक शब्द बोलल्या नाहीत. मुलीला म्हणाल्या, “तूच तोंडाला आवर घातला असतास तर?” आणि रात्री तिच्याच ताटात दोन पराठे वाढले, वर लोण्याचा गोळा. त्या घरात माया दाखवायची ती लोण्यानं आणि राग काढायचा तोही खाण्यावरूनच.

हरबख्शचं लेथ मशिनच्या सुट्या भागांचं दुकान होतं. संध्याकाळी दुकान बंद झालं की मागच्या खोलीत बाटली उघडायची, हे गल्लीला माहीत होतं. पंजाबात त्याचं कुणाला काय वाटतं? चाळिसाव्या वर्षी त्याचं पोट पाण्यानं फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, आणि एके सकाळी त्यानं रक्ताची उलटी केली. अमृतसरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर संपलंय. जिवंत नातेवाइकाच्या लिव्हरचा तुकडा मिळाला तर वाचेल. तोवर दारूचा थेंबही चालणार नाही. प्यायलेला आढळला तर ऑपरेशन विसरा.

बायकोचं, रुपिंदरचं, रक्त जुळलं नाही. मुलाचं जुळलं. तेगबीर, एकोणीस वर्षांचा, खांद्यानं दार अडेल असा गडी. मी त्या दिवशी त्यांच्या घरीच होते, आजाऱ्याला बघायला म्हणून गेले होते.

“त्याचं कॅनडाचं चाललंय,” रुपिंदर म्हणाली. “पोटावर एवढा मोठा व्रण घेऊन जाईल का तो? आणि उद्या मुलगी कोण देईल?”

तेगबीर फोनकडं बघत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

बीजींनी सतविंदरकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. हरबख्श भिंतीला टेकून पडला होता, तो हळूच म्हणाला, “भैणजी.”

एवढंच म्हणाला. सतविंदर तपासणीला गेली.

रक्त जुळलं. पण डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून समजावलं, “तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे, भरपूर. असलं लिव्हर कापून दिलं तर तिकडचा तुकडाही चालणार नाही आणि तुमच्या पोटात उरलेलाही. पण घाबरू नका. लिव्हरची चरबी आधी जाते, अंगावरची नंतर. शरीराला शिकवावं लागतं, की बाबा, बाहेरून साखर येणार नाही, घरात साठवलंयस ते जाळ. दोन-तीन महिने नीट केलंत तर होईल.”

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, “कुलवंत, तू कबड्डीच्या पोरी तयार करतेस. मला करशील?”

“का करतेस हे तू त्याच्यासाठी?” मी विचारलं.

“भाऊ आहे.”

“भाऊ कसला, तो तर…”

“लहान होता तेव्हा माझ्या कडेवर असायचा,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाकडं जायचाच नाही.”

दिवाळी नुकतीच झाली होती. गावातल्या जलमहालाच्या तलावाभोवती आम्ही पहाटे चालायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत ती कठड्यावर बसली आणि म्हणाली, “माझ्या छातीत कुणीतरी लोहार बसलाय.” मी तिला उठवलं. मला दया येत नाही, कधीच आली नाही, म्हणून तर माझ्या पोरी जिल्ह्यात जिंकतात. थोडं भरभर, थोडं हळू, परत भरभर. मग शाळेच्या जिन्यावर चढउतार. मग खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, मांड्या पेटेपर्यंत. मग रेती भरलेल्या बाटल्या घेऊन हात वर-खाली. नुसतं चालून चरबी जाते, पण मांस राहायला हवं असेल तर वजन उचलावंच लागतं, हे मी तिला रोज ऐकवायची.

खाणं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं. सकाळी उकडलेली अंडी, दुपारी पनीर, दही, काकडी, मुगाचं धिरडं, सूर्य मावळायच्या आत पातळ डाळ आणि भाजी. रोटी नाही, भात नाही, बटाटा नाही, चहात साखर नाही. आणि हे सगळं पंजाबच्या थंडीत! घराघरात सरसोंचं साग शिजतंय, मक्याच्या रोटीवर लोणी वितळतंय, गुळाचा वास गल्लीभर सुटलाय, आणि ही बाई सागाची नुसती वाटी घेऊन बसायची, चमच्यानं खायची, औषध खावं तसं.

पहिले काही दिवस तिचं डोकं ठणकायचं. वर्गात तिनं एका मुलीला डस्टर फेकून मारलं आणि मग स्वतःच रडली. पाय लाकडासारखे व्हायचे. “हे शरीर ऐकत नाही गं,” ती म्हणायची. “याला फक्त मागायचं माहीत आहे.”

“ऐकेल,” मी म्हणायची. “मागून मिळत नाही हे कळलं की ऐकेल.”

आणि ऐकलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भूक बदलली. आधी ती कुत्र्यासारखी अंगावर यायची, मग नुसती दारात येऊन बसायला लागली. सतविंदर फेरी न थांबता पूर्ण करू लागली. तिच्या कमिजा ढगळ झाल्या. धुक्यातल्या एका सकाळी मी बुटाची नाडी बांधायला थांबले आणि वर बघते तर ही पुढं पळतेय. पळतेय! ओढणी कमरेला बांधलेली, वेणी पाठीवर आपटतेय. तलावाच्या पलीकडून हाक आली, “कुलवंत, म्हातारे, चल की!” शेहेचाळीस वर्षांत ती कधी पळाली नव्हती. लहानपणीसुद्धा नाही. तेव्हाही ढोलच होती ना.

घरी मात्र तिच्या ताटावर पहारा बसला होता. ज्या घरानं तिला आयुष्यभर लोणी चारलं, त्याच घरात आता फ्रिजला कुलूप होतं आणि किल्ली रुपिंदरच्या कमरेला. बीजी स्वयंपाकघराच्या दारात पिढं टाकून बसायच्या. ती पाणी प्यायला गेली तरी विचारायच्या, “काय घेतलंस? मूठ उघड.” तेगबीर समोर बसून कुलचे-छोले हाणायचा आणि म्हणायचा, “भुआजी, आ करा बघू, दातात काही अडकलंय का.” सगळे हसायचे. खाटेवर पडलेला हरबख्शही हसायचा.

“तुला राग येत नाही?” मी विचारलं.

“येतो. पण रागानं पळायला बरं पडतं.”

संक्रांतीच्या आदल्या दिवसाची लोहडी आली. शाळा दुपारीच सुटली. गल्लीत रेवड्या, गजक, शेंगदाण्यांचे ढीग. सतविंदर घरी आली तेव्हा बायका गुरुद्वाऱ्यात गेल्या होत्या, तेगबीर बाहेर होता आणि हरबख्श झोपला होता. तिनं सकाळपासून जवळजवळ काही खाल्लं नव्हतं. बीजींनी पिन्न्या, म्हणजे तुपातले पिठाचे लाडू, करून रजयांच्या मोठ्या लोखंडी पेटीत लपवल्यात, हे तिला माहीत होतं. तिनं पेटी उघडली. हे तिनं मला काही न लपवता सांगितलं: “मी चोरायलाच गेले होते, कुलवंत. एक पिन्नी. अख्खी खाणार होते.”

रजयांच्या खाली हात घातला तर डब्याच्या आधी काहीतरी गार लागलं. बीजींच्या लोकरी शालीत गुंडाळलेली बाटली. अर्धी संपलेली.

डबा न उघडताच ती पेटीपाशी जमिनीवर बसून राहिली. बीजी आल्या तेव्हा बाटली मांडीवरच होती.

“हे काय आहे, बीजी?”

बीजींनी आधी दार लावलं. “हळू बोल. त्याला जाग येईल.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डॉक्टरांना आई नसते का? त्याचे हात कापतात गं. रात्री घाम येतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो. दोन घोट दिले की बाळासारखा झोपतो. दोन घोटांनी काय होतंय?”

“मला तुम्ही अर्धी रोटी दिली नाहीत.”

“तू बाई आहेस,” बीजी म्हणाल्या. अगदी शांतपणे, चूल पेटवताना बोलावं तसं. “बाईला सोसतं. त्याला नाही सोसत.”

सतविंदर उठून भावाच्या खोलीत गेली. तो जागाच होता. बाटली बघून आधी दचकला, मग हसला, मग त्यानं डोळ्यांत पाणी आणलं. ती तिन्ही रूपं तिला लहानपणापासून पाठ होती.

“भैणजी, डॉक्टरांना सांगू नकोस. हाकलून देतील मला.”

“मी तुझ्यासाठी काय करतेय, दिसतंय ना तुला?”

“दिसतंय. म्हणून तर काळजी नाही. आत्ताचं हे तर गेलंच आहे, याला पाजलं काय आणि न पाजलं काय. तुझं आलं की बघ, बंद. गुरूची शपथ.” आणि मग गंमत करत म्हणाला, “एवढं धावून-धावून साफ केलंयस, दहा वर्षं तरी टिकेल.”

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी तलावावर आली. ओढणी तोंडावरून घट्ट लपेटून चालली. मला वाटलं, थंडी बाधलीय. दोन फेऱ्या झाल्यावर कठड्याशी थांबून तिनं हे सगळं सांगितलं, शेवटपर्यंत, आवाज न चढवता.

“मग संपलं,” मी म्हणाले. “उद्यापासून तू झोप. आज दुपारी माझ्या घरी जेवायला ये. मक्याची रोटी करते.”

“नाही. अहवाल येईपर्यंत थांबायचं नाही.”

“कशाला? देणार आहेस अजून?”

“माहीत नाही. पण अहवाल वाईट आला तर नाही म्हणणारी चरबी असेल. चांगला आला तर हो किंवा नाही मी म्हणेन. आजवर माझ्या वतीनं सगळं चरबीच बोललीय, कुलवंत.”

म्हणून आम्ही चालत राहिलो. घरात तिनं काही म्हटलं नाही. पेटीला मात्र त्या दिवसापासून कुलूप लागलं. फ्रिजसारखंच.

वसंतपंचमीनंतर आम्ही सगळे अमृतसरला गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सतविंदरला एकटीला आत बोलावलं. देणाऱ्याला एकदा एकट्यात विचारतातच. आत काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. अहवाल बघून बाई खुर्चीत मागं रेलल्या आणि म्हणाल्या, “असा अहवाल मी फार कमी वेळा बघितलाय. लिव्हर अगदी स्वच्छ आहे. कसं केलंत?”

“चालले,” सतविंदर म्हणाली.

“आता मी एकच विचारणार आहे. बाहेर कोण बसलंय ते विसरा. हे तुमच्या मनापासून आहे?”

सतविंदरनं टेबलावरचा अहवाल मिटून ठेवला. मग म्हणाली, “नाही. मला द्यायचं नाही.”

डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं नाही. “ठीक आहे. घरच्यांना आम्ही एवढंच सांगतो, की तपासणीत दाता योग्य ठरला नाही. त्यापलीकडं कुणालाही काही सांगत नाही. तुम्हाला त्रास होणार नाही.”

हरबख्शच्या पिण्याचं सतविंदर काही बोलली नाही. बोलली असती तर तेगबीरनं द्यायचा रस्ताही बंद झाला असता. “त्याचा बाप आहे,” ती म्हणाली, “द्यायचं की नाही ते त्याला ठरवू दे.”

डॉक्टरीणबाईंनी दयाच केली. पण बाई बटाल्याच्या नव्हत्या. जन्मभर जिला ढोल म्हटलं तिच्याबद्दल ‘योग्य ठरली नाही’ म्हटल्यावर आमच्याकडं त्याचा काय अर्थ होतो, हे त्यांना कुठून कळणार?

बाहेर बाकावर ते ऐकल्यावर रुपिंदर ताडकन उठली. “योग्य नाही म्हणजे? एवढं उपाशी ठेवलं हिला!”

“उपाशी?” बीजी म्हणाल्या. “घरात उपाशी. शाळेत काय गिळत होती कुणी बघितलंय?”

“बीजी, मी रोज तिच्याबरोबर…” मी सुरू केलं. सतविंदरनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात आता ताकद होती, मनगट दुखलं माझं.

हरबख्श चाकाच्या खुर्चीत होता. त्यानं बहिणीकडं नीट बघितलं. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं दिसणारी बहीण. त्याला कळलं होतं. मी शपथेवर सांगते, त्या एका माणसाला सगळं कळलं होतं. त्यानं नजर काढून घेतली आणि भिंतीकडं बघत म्हणाला, “जाऊ द्या. ढोल ती ढोलच.”

तेगबीरला कुणी पुन्हा विचारलं नाही, आणि तोही काही बोलला नाही. त्याचे कॅनडाचे कागद आले. वैशाखीला गव्हाच्या कापण्या सुरू झाल्या त्या सुमाराला हरबख्श गेला.

भोगाच्या, म्हणजे त्याच्यासाठीच्या शेवटच्या पाठाच्या, दिवशी गुरुद्वाऱ्यात बायकांच्या ओळीत कुजबुज चालली होती. “सख्ख्या भावासाठी तीन महिने जीभ आवरली नाही.” “बघा ना, आता कशी वाळलीय. आता काय उपयोग?” आता वाळली! तीन महिने ती त्यांच्या डोळ्यांदेखत वाळत होती, पण भाऊ मरेपर्यंत कुणाला दिसलं नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सतविंदरनं माझ्याकडं बघून मान हलवली. लंगरमध्ये ती वाढत होती, आणि जिच्या पानात प्रसाद घातला त्या प्रत्येक बाईनं आधी तिच्या तोंडाकडं बघितलं, काही चघळतेय का ते.

वर्ष सरायच्या आत रुपिंदरनं दुकान विकलं आणि ती मुलापाठोपाठ कॅनडाला गेली. बीजींना न्यायचा प्रश्नच नव्हता. त्या सतविंदरकडं राहिल्या. म्हणजे त्याच घरात, त्याच दारात पिढं टाकून. सतविंदर त्यांना न्हाऊ घालते, पाय चेपते, दलिया करून भरवते. आणि जो येईल त्याला बीजी सांगतात, हिच्या जिभेनं माझा मुलगा खाल्ला.

एकदा सतविंदरनं सांगितलं. मी तिथंच भाजी निवडत होते. दुपार होती. बीजी नेहमीचं बडबडत होत्या. सतविंदरनं वाटी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“बीजी, ऐका. माझं लिव्हर साफ होतं. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या होत्या. मीच नाही म्हणाले. पेटीतल्या बाटलीमुळं.”

बीजींनी तिच्याकडं बघितलं. त्यांची हनुवटी हलायला लागली. मला वाटलं, आता रडतील, आता काहीतरी फुटेल. त्यांनी हात उचलला आणि मुलीचा गाल चाचपला, आंधळ्या माणसानं चाचपावा तसा.

“खोटं बोलतेस,” त्या म्हणाल्या. “कसली बाटली? पेटीत पिन्न्या होत्या. तू पिन्न्या खाल्ल्यास. मी मोजल्या होत्या.”

“बीजी…”

“तू खाल्ल्यास!” त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारची खिडकी उघडली. “तू खाल्ल्यास म्हणून तो गेला! म्हण, तू खाल्ल्यास!”

सतविंदर त्यांच्याकडं बघत राहिली. पंचाहत्तर वर्षांची म्हातारी, हाडांचा सापळा, डोळ्यांत नुसती भीती. बाटली खरी असेल तर ती कुणी पाजली, एवढा हिशोब त्यांना येत होता.

“हो,” सतविंदर म्हणाली. “मीच खाल्ल्या.”

बीजी लगेच शांत झाल्या. वाटी उचलून दलिया खाऊ लागल्या.

मी सतविंदरशी भांडले. अंगणात नेऊन भांडले. “तू देवी आहेस का? कशाला घेतलंस अंगावर?”

“देवी कसली,” ती म्हणाली. “तिला कधीच माफ करणार नाही मी. पण ती रोज रडायला लागली तर मला झेपणार नाही. शिव्या झेपतात.”

परवा गुरदासपूरहून त्यांची कुणी नातेवाईक आली होती, बर्फीचा डबा घेऊन. बीजींनी तिला अथपासून सगळं ऐकवलं. सतविंदर चहा घेऊन आली तशी त्या बाईनं तिला नखशिखांत न्याहाळलं आणि डबा पुढं केला. “घे गं, घे. आता कोण अडवतंय तुला?”

सतविंदरनं एक वडी उचलली आणि उभ्या-उभ्या, सावकाश, त्यांच्यासमोर संपवली. मग दुसरी उचलली.

बीजी पाहुणीकडं वळल्या. “बघितलंत?”